अनध्याय नसलेली विद्या

गेल्या संक्रांतीस आमच्या थोरल्या बंधूंचा नातू तीन दिवसांच्या रजेवर घरीं आला होता. खानदेशाबाहेरील एका वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन तो दुसऱ्या वर्षाच्या वर्गांत बसूं लागला आहे. पहांटेच्या गाडीनें जळगांवास उतरला, घरीं येऊन वडील मंडळींस नमस्कार केला, आणि जो निजला तो दुसऱ्या दिवशीं पानें मांडल्यावर उठला. आसोद्याच्या वांग्यांचें भरीत वहिनींनीं मुद्दाम त्याच्यासाठीं केलें होतें. दोन घास घेऊन त्यानें हात आंखडला. घरांतील मंडळींस थट्टेला विषय मिळाला. "काय डॉक्टर, रोग्यांनाहि असेंच उपाशी ठेवतां वाटतें?" असें त्याच्या काकानें विचारलें. शेजारच्या माई तिळगूळ घेऊन आल्या. त्यांनीं तिळगुळाबरोबर आपलें मनगटहि त्याच्यापुढें धरलें आणि नाडी पाहावयास सांगितली. मुलानें हंसून नाडी पाहिली. तें हंसणें मला बरें वाटलें नाहीं. पण त्या वेळीं मीं त्याचा फारसा विचार केला नाहीं.

आमच्या घरांत ह्या मुलास 'डॉक्टर' ही पदवी विद्यापीठाच्या आधीं पांच वर्षें मिळालेली आहे. 'नीट' परीक्षेचा निकाल लागला त्या सायंकाळीं पेढे वांटतांना ती प्रथम मींच दिली, हें कबूल केलें पाहिजे.

रात्रीं जेवणानंतर मी गच्चीवर शतपावली करीत होतों. मुलगा कठड्याशीं उभा होता. मास्तरांची जन्माची खोड, मीं विचारलें, "अभ्यास कसा काय चालला आहे?" बराच वेळ तो बोलला नाहीं. मग म्हणाला, "आजोबा, माझा फिजिऑलॉजी राहिला. पुरवणी परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे. दीड महिना झाला, घरीं कोणाला सांगितलेलें नाहीं."

"अरे, मग सांगायचें नाहींस का?"

"कोणाला सांगूं? येथें मला कोणी नांवानें हांक तरी मारतें का?"

मॅट्रिक होऊन मी पाठशाळेंत संस्कृत शिकलों, आणि यावल व चोपडें तालुक्यांतील शाळांतून मुलांकडून शब्द व धातु चालवून घेण्यांत माझीं पस्तीस वर्षें गेलीं. मुलगा वर्गांत शिरतांना त्याच्या चालण्यावरून गृहपाठ झाला आहे कीं नाहीं तें मी ओळखीत असें. आणि दर रविवारीं फोनवर ज्याचा आवाज ऐकत होतों, त्या घरच्या मुलाच्या आवाजांतलें हें ओझें मला ओळखतां आलें नाहीं. त्या रात्रीपासून ह्या विषयावर जें हातीं लागलें तें मीं वाचलें, आणि माझे जे जुने विद्यार्थी वैद्यकी शिकले त्यांस गांठून विचारलें. त्यांतून जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें. आपल्यांतील पुष्कळ घरांत असा एखादा 'डॉक्टर' असतो, म्हणून हा खटाटोप.

प्रथम ही मुलें तेथवर पोंचतात कशीं तें पाहूं. २०२४ सालीं नीट परीक्षेस तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि साऱ्या देशांतील एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्याहि आंत होत्या. म्हणजे सुमारें वीस जणांत एक. परीक्षा ७२० गुणांची. एका गुणाच्या अंतरानें हजारों मुलें पुढें किंवा मागें जातात. दहावी होतांच मुलगा लातुरास, नाहीं तर राजस्थानांतील कोटा शहरीं धाडला जातो. पहिल्या खेपेस जमलें नाहीं तर आणखी एक वर्ष, कधीं दोन वर्षें, 'रिपीटर' म्हणून तो त्याच पुस्तकांशीं झुंजतो. सोबतचीं मुलें इतर विद्यांच्या दुसऱ्या वर्षास गेलेलीं असतात. मग एके दिवशीं यादींत नांव लागतें, आणि घरच्यांना वाटतें कीं, आतां सुटलों. मुलालाहि तसेंच वाटतें.

येथें एक गोष्ट शाळामास्तर म्हणून मला ठाऊक आहे. गांवोगांवचे पहिले नंबर एका वर्गांत आणून बसविले, तर त्यांत पहिला एकच राहतो. दीडशें मुलांच्या वर्गांत बाकीच्या एकशें एकूणपन्नासांस आयुष्यांत प्रथमच कळतें कीं आपण मधले आहों, किंवा शेवटून दहावे आहों. अठरा वर्षें ज्याला घरानें, शाळेनें व शेजाऱ्यांनीं हुशार म्हणूनच ओळखलें, त्याला त्यावांचून आपली दुसरी ओळखच नसते. ती गेली कीं तो कोण उरतो, हें त्याला ठाऊक नसतें आणि आपल्यालाहि नसतें.

अभ्यासाचा भार तर आहेच. १९९७ पूर्वीं पहिल्या परीक्षेचा काल दीड वर्षाचा असे. त्या सालच्या नियमांनीं तो एका वर्षावर आणला, आणि २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमानें आरंभीं सुमारें एक महिन्याचा पायाभूत वर्ग जोडला. तेवढ्या अवधींत शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन समुद्र पोहून जावयाचे. केवळ हाडें २०६, आणि प्रत्येक हाडावरील खांचा-खळगे, त्यांस चिकटणारे स्नायु, त्यांवरून जाणाऱ्या नाड्या हीं निराळीं. ह्याखेरीज आणखी एक गोष्ट आहे, तिचा विचार आपण करीत नाहीं. आपल्या घरांत कोणी गेलें कीं मुलांस शेजारीं धाडण्याची रीत आहे. अठराव्या वर्षापर्यंत पुष्कळांनीं प्रेत जवळून पाहिलेलें नसतें. तीं मुलें पहिल्याच महिन्यांत विच्छेदनाच्या टेबलाशीं उभीं केलीं जातात. माझी एक विद्यार्थिनी आज उत्तम शल्यचिकित्सक आहे. तिनें सांगितलें कीं, फॉर्मेलीनचा वास बोटांना राहतो अशा भासानें ती महिनाभर चमच्यानें जेवत होती आणि आईस सांगे कीं, वसतिगृहाची ही शिस्तच आहे.

भाषेचा प्रश्न खानदेशांत विशेष आहे. पूर्वीं येथील मुलांस वैद्यकीसाठीं मुंबईपुण्याचीच वाट धरावी लागे. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचें आहे. धुळ्यास श्रीभाऊसाहेब हिरे यांच्या नांवाचें शासकीय महाविद्यालय निघालें तें १९९० च्या सुमारास. जळगांवास शासकीय महाविद्यालय २०१८ सालीं झालें, नंदुरबारास २०२० सालीं. त्यामुळें शिरपूर, साक्री, चोपडें, यावल ह्या तालुक्यांतील मुलें आतां मोठ्या संख्येनें ह्या विद्येंत शिरूं लागलीं आहेत. त्यांच्या घरीं अहिराणी, शाळेंत मराठी, आणि महाविद्यालयांत एकदम इंग्रजी. तोंडी परीक्षेंत उत्तर ठाऊक असूनहि शब्द जुळत नाहीं म्हणून गप्प राहणारा मुलगा मूर्ख ठरतो. गंमत अशी कीं, तोच मुलगा दोन वर्षांनीं वॉर्डांत गेला कीं पारडें फिरतें. सातपुड्यांतून आलेली म्हातारी पावरी किंवा भिली बोलते, तेव्हां शहरांतल्या पहिल्या नंबराला तिच्या पोटांत दुखतें कीं छातींत तेंहि कळत नाहीं, आणि मागच्या बांकावरचा मुलगा पुढें होऊन तिचा सारा इतिहास काढून देतो. परंतु ह्या विद्येचे गुण कोणत्याहि गुणपत्रिकेंत मांडले जात नाहींत.

इतकें असूनहि केवळ अभ्यासानें मूल मोडतें असें मला वाटत नाहीं. आमच्या पाठशाळेंत एकेका विद्यार्थ्यानें वर्षानुवर्षें घोकून एकेक ग्रंथ कंठस्थ केला; कोणी मोडलें नाहीं. त्या जुन्या पद्धतींत दोन गोष्टी होत्या. एक अनध्याय, आणि दुसरी गुरूवरचें बंधन.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील दुसरा अध्याय शिष्याच्या दीक्षेचा आहे. शिष्यानें काय करावें ह्याची त्यांत लांबलचक यादी आहे: काम-क्रोध टाकावेत, नखें व केंस कापावेत, काषाय वस्त्र नेसावें, गुरूच्या आज्ञेंत राहावें. ही यादी आपल्यांतील बहुतेकांस ऐकून ठाऊक असते. पण तेथेंच अग्नीच्या साक्षीनें गुरूहि एक प्रतिज्ञा करतो. तूं नीट वागत असतां मीं जर तुला वेगळ्या दृष्टीनें पाहिलें, तर मी पापाचा धनी होईन आणि माझी विद्या निष्फळ होईल, असा तिचा आशय आहे. चरकानेंहि विमानस्थानांत आचार्य कसा निवडावा तें सांगतांना तो मत्सर न करणारा, न रागावणारा, कष्ट सोसणारा आणि शिष्यांवर माया करणारा असावा असें म्हटलें आहे. आणि सुश्रुताचा तो अध्याय संपतो तो कोणत्या दिवशीं शिकूं नये ह्या नियमांनीं. कृष्णपक्षांतील अष्टमी आणि शेवटचे दोन दिवस, शुक्लपक्षांतहि तसेंच, दोन्ही संध्याकाल, अवेळीं वीज चमकली किंवा मेघ गर्जला तर, आपल्या माणसांवर, देशावर किंवा राजावर संकट आलें तर, मोठा उत्सव असला तर. शस्त्र चालविण्यास शिकविणारा हा ग्रंथ, त्यास विद्यार्थ्याच्या विसांव्याची इतकी काळजी होती. चरकानें तर निद्रेस शरीराच्या तीन उपस्तंभांत बसविलें आहे, आणि सुख-दुःख, ज्ञान-अज्ञान, एवढेंच काय, जगणें-मरणेंहि तिच्या स्वाधीन असल्याचें सांगितलें आहे.

आजच्या विद्यार्थ्यास अष्टमी नाहीं आणि अमावास्याहि नाहीं. एम.बी.बी.एस.चीं साडेचार वर्षें, त्यापुढें एक वर्षाची इंटर्नशिप. मग आणखी एक प्रवेशपरीक्षा, आणि ती पार पडली तर पदव्युत्तर शिक्षणाचीं तीन वर्षें. ह्या तीन वर्षांत तो रुग्णालयांतच राहतो, म्हणून त्यास निवासी डॉक्टर किंवा रेसिडेंट म्हणतात. घरच्यांस वाटतें कीं मुलगा आतां डॉक्टर झाला. वास्तविक तो विद्यार्थीच असतो. दिवसा शिकतो, रात्रीं रोगी पाहतो, आणि पहांटे वरिष्ठांसाठीं कागद तयार करतो. १९९२ सालच्या केंद्रीय निवासी योजनेंत त्याचें काम साधारणतः आठवड्यास ४८ तास आणि एका वेळीं बारा तास ह्यांहून अधिक नसावें असें लिहिलेलें आहे. २०२४ सालीं राष्ट्रीय वैद्यक आयोगानें नेमलेल्या कार्यदलानें शिफारस केली कीं, आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम देऊं नये, एक दिवस सुटी असावी आणि रोज सात-आठ तास झोंप मिळावी. बत्तीस वर्षांत ४८ चे ७४ कसे झाले हें गणित मला उलगडलें नाहीं. सुधारणा म्हणून ७४ सांगावे लागतात, त्यावरून प्रत्यक्ष काय चालतें ह्याचा अदमास मात्र येतो.

त्याच कार्यदलाच्या पाहणीस २५,५९० पदवी-विद्यार्थ्यांनीं आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीं उत्तरें दिलीं. गेल्या वर्षभरांत जीव नकोसा होण्याचे विचार मनांत आले असें सांगणारे पहिल्या वर्गांत शेंकडा १६.२ आणि दुसऱ्यांत शेंकडा ३१.२ निघाले. उत्तरें ज्याच्या-त्याच्या इच्छेनें दिलेलीं, म्हणून आंकडा थोडा इकडे-तिकडे धरावा. तरी दहा तरुण डॉक्टरांत तिघे म्हणजे काय, हें वाचकांनीं आपल्या ओळखीच्या दहांचीं नांवें मनांत आणून पाहावें. मीं तसें पाहिलें, आणि पुढें मोजवेना.

ह्या शिणाला बाहेरच्यांचाहि हात लागतो. १२ मार्च २०१७ ह्या दिवसाची धुळ्याची हकीकत पुष्कळांस स्मरत असेल. शासकीय रुग्णालयांत डोक्यास मार लागलेला एक रोगी आणण्यांत आला. मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय तेथें नव्हती, म्हणून त्यास दुसरीकडे न्यावें लागेल असें अस्थिरोग विभागांतल्या एका तरुण रेसिडेंटानें सांगितलें. नातेवाईकांनीं त्यास इतकें मारलें कीं, त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रांत २०१० पासून कायदा आहे. त्याचा त्या रात्रीं कांहीं उपयोग झाला नाहीं. पुढें राज्यभरचे रेसिडेंट सामुदायिक रजेवर गेले, उच्च न्यायालयास मधें पडावें लागलें, आणि मग पहारेकरी वाढविण्याचीं आश्वासनें मिळालीं. मला त्यांतली एकच गोष्ट सलते. जी सोय रुग्णालयांत नव्हती ती त्या मुलानें काढून नेलेली नव्हती. पण खिडकीशीं उभा होता तोच. आपणहि रुग्णालयांत गेलों म्हणजे आवाज कोणावर चढवितों? मोठे डॉक्टर भेटतात तेव्हां आपण हात जोडतों, आणि बाहेर येऊन पोरसवदा रेसिडेंटास "तुम्हांला कांहीं कळतें कीं नाहीं?" असें विचारतों. मींहि विचारलेलें आहे.

आतां जी गोष्ट लिहावयाची ती लिहितांना हात अडखळतो, पण ती टाळली तर बाकी सारें लिहिणें व्यर्थ आहे.

पायल तडवी ही जळगांवची मुलगी. तडवी भिल्ल समाज सातपुड्याच्या पायथ्याशीं रावेर, यावल, चोपडें ह्या भागांत पिढ्यान् पिढ्या राहतो. तिनें मिरजेच्या शासकीय महाविद्यालयांत एम.बी.बी.एस. केलें आणि २०१८ सालीं मुंबईच्या नायर रुग्णालयाशीं जोडलेल्या महाविद्यालयांत स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत प्रवेश घेतला. २२ मे २०१९ रोजीं तिनें आपल्या जीविताचा शेवट केला. ती २६ वर्षांची होती. तिच्याहून वरिष्ठ अशा तिघी डॉक्टर तिच्या जातीवरून व राखीव जागेवरून तिला सतत टोंचून बोलत, तिला प्रसूतिगृहांत शिकूं देत नसत, असा तिच्या घरच्यांचा आरोप. ही गोष्ट आपण आधींच वरिष्ठांच्या कानांवर घातली होती असेंहि तिच्या आईनें सांगितलें. तिघींनीं आरोप नाकारले. अत्याचार प्रतिबंधक कायदा, आणि १९९९ चा महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा, ह्यांखालीं गुन्हा नोंदला गेला आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. अपराधाचा निर्णय न्यायालयानें करावयाचा. तो माझा विषय नाहीं. त्याच वर्षीं तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुला ह्या विद्यार्थ्याची आई राधिका ह्या दोघींनीं मिळून विद्यापीठांतील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला.

माझा विषय आमची ओसरी आहे. ती बातमी जळगांवच्या पत्रांत आली त्या दिवशीं ओसरीवर आमची नेहमींची मंडळी जमली होती. सारे शिकलेले, सारे सभ्य. एकानें हळहळून म्हटलें, "पोर गेली बिचारी." आणि त्याच श्वासांत, "पण ह्या लोकांना तेथें झेंपत नाहीं हेंहि खरेंच." कोणी उत्तर दिलें नाहीं. मीं अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरली.

झेंपत नाहीं म्हणजे काय? ती सर्व परीक्षा उतरून डॉक्टर झालेली होती. जें झेंपलें नाहीं असें म्हणावयाचें तें पुस्तकांतलें नव्हतें. आणि "हे लोक" हा शब्द मुंबईच्या रुग्णालयांत जन्मास येत नाहीं. तो अशाच ओसऱ्यांवर पानसुपारीबरोबर वांटला जातो आणि मुलें तो ऐकत अभ्यास करीत बसलेलीं असतात. पुढें तींच कोणाचीं तरी वरिष्ठ होतात.

मी स्वतः ह्यांतून सुटत नाहीं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं यावल तालुक्यांत असतांना एक तडवी मुलगा दहावीस चांगल्या गुणांनीं उतरला आणि विज्ञानशाखेस जाऊं का असें विचारावयास घरीं आला. मीं त्याच्या भल्यासाठींच म्हणून सांगितलें, "अरे, तें फार अवघड असतें. लवकर नोकरीला लागशील असें कांहीं कर." त्याच्याहून कमी गुणांच्या दोन मुलांस, तीं आपल्यांतलीं होतीं, त्याच आठवड्यांत मीं विज्ञानास जा म्हणून आग्रह केला होता. आज तो मुलगा एका आरोग्य केंद्रांत औषधें देतो. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्याच हातून मिळतात. "गुरुजी, सकाळीं एकच घ्या, विसरूं नका," असें तो दर महिन्यास बजावतो. मीं त्या दिवसाची आठवण त्याला अजून काढलेली नाहीं.

सुश्रुताच्या त्याच दीक्षेच्या अध्यायांत, वैद्यकी कोणी शिकावी तेथें, शूद्रहि कुल व गुण यांनीं संपन्न असेल तर त्यास मंत्र व उपनयन वगळून शिकवावें असें कांहींचें मत नोंदलें आहे. दार अर्धें उघडलें आणि उंबरठा ठेवला. आपल्या ग्रंथाचा अभिमान सांगतांना तेवढी ओळ गाळून वाचण्याची मलाहि संवय होती. तो उंबरठा राज्यघटनेनें काढला. पण ज्यांच्या पायांना त्याची संवय आहे ते अजून तेथें पाय उचलूनच चालतात.

आतां घराकडे येतों. पाश्चात्त्य वैद्यकीची पदवी मिळविणारी पहिली मराठी स्त्री आनंदीबाई जोशी. १८८३ सालीं ती कलकत्त्याहून अमेरिकेस निघाली आणि ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवीधर झाली. त्या देशाची थंडी, शाकाहाराची अडचण, नीट न पेटणारी शेगडी, खालावत चाललेली प्रकृति, हें सारें आपण कौतुकानें सांगतों. त्यांतच गोपाळरावांचीं पत्रें येत, आणि त्यांत प्रोत्साहनाबरोबर संशय आणि टोमणेहि असत. तीं वाचून ती अभ्यासास बसे. कोल्हापुरास नेमणूक ठरली होती, पण तेथें रुजू होण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास ती क्षयानें गेली. वय पुरतें बावीसहि नव्हतें. घरून येणारें पत्र औषध होऊं शकतें आणि उलटहि होऊं शकतें, हें त्या पहिल्या विद्यार्थिनीपासूनचें आहे. आतां पत्राच्या जागीं मोबाइल आला आहे, एवढेंच. पत्र महिन्या-दीड महिन्यानें येई. हा दिवसांतून चारदां येतो.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं एकानें सांगितलें कीं, घरचा फोन आला म्हणजे तो आधीं जिन्यांत जाऊन तोंड धुवी, मग घेई. आवाज उतरलेला कळूं नये म्हणून. मीं म्हटलें, कळला असता तर काय झालें असतें? तो म्हणाला, "गुरुजी, बाबांनीं शेताचा तुकडा विकलेला होता." असल्या घरांत प्रेमाला तोटा नसतो. पण ज्या प्रेमाची परतफेड गुणपत्रिकेनें करावयाची, तेथें मूल बोलेल कसें? मूल जेवेनासें झालें, झोंप उडाली किंवा नुसतें झोंपूनच राहूं लागलें, फोन चुकवूं लागलें, जगण्याला अर्थ नाहीं असें बोलूं लागलें, तर थट्टा न करतां आणि उपदेशहि न करतां त्यास जवळ घेऊन सरळ विचारावें. विचारल्यानें तसा विचार नव्यानें मनांत शिरत नाहीं, असें जाणते डॉक्टर सांगतात. मानसरोगाच्या डॉक्टरास दाखविण्यांत कुलास कांहीं कमीपणा येत नाहीं. सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नांवाची सेवा चालविली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रीं-अपरात्रींहि फुकट बोलतां येतें, आणि मराठींत बोलतां येतें. आम्हीं तो क्रमांक देव्हाऱ्याजवळच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे.

गच्चीवरच्या त्या रात्रीं मीं मुलास कांहीं मोठें सांगितलें नाहीं. मीं स्वतः मॅट्रिकला गणितांत एकदां नापास झालों होतों, तें सांगितलें. हें आमच्या घरांत आजवर कोणास ठाऊक नव्हतें; वडिलांनीं तें झांकून ठेवलें आणि मींहि पुढें झांकलें. तो माझ्याकडे पाहातच राहिला. सकाळीं त्यानें आपण होऊन आईवडिलांस सांगितलें. त्याची आई रडली, वडील कांहीं न बोलतां बाहेर फेरी मारून आले, आणि येतांना जिलबी घेऊन आले. ती कां आणली तें त्यांनाहि सांगतां आलें नसतें.

तो परत गेल्यावर मीं सर्व मंडळींस बसवून एक नियम केला. 'डॉक्टर' म्हणून हांक मारावयाची नाहीं. त्याचें पाळण्यांतलें नांव वापरावयाचें. रविवारच्या फोनवर निकाल, गुण, पुढची परीक्षा ह्यांचें नांव काढावयाचें नाहीं. काय खाल्लें आणि किती झोंपला एवढेंच विचारावयाचें. रविवार त्याचा अनध्याय. सर्वांनीं मान डोलावली. पहिला रविवार उत्तम गेला. दुसऱ्या रविवारीं वहिनींनीं फोन हातीं घेतला, जेवणाखाण्याची चौकशी केली, आणि शेवटीं न राहवून म्हणाल्या, "अरे, त्या नाशिकच्या विद्यापीठाचा तुझा तो निकाल कधीं रे लागायचा?"

आम्ही सारे एकमेकांकडे पाहूं लागलों. पलीकडून मुलगा मोठ्यानें हंसल्याचें ऐकूं आलें.

"अजून लागला नाहीं, आजी," तो म्हणाला. "आज मेसमध्ये कढी होती. फार आंबट होती."